मनीषाच्या वाट्याची हवा

मनीषा कांबळेबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच माझी गाडी अडते. तीन वेळा सुरुवात केली, तीन वेळा खोडली. पहिल्या खेपेला मी स्वतःला फारच साधीभोळी करून टाकलं, दुसऱ्या खेपेला इतकी दुष्ट, की वाचणाऱ्याला माझीच दया यावी. दोन्ही लबाड्याच. तिसऱ्या खेपेचं तर बोलूच नका. आता जसं झालं तसं सांगते.

मी प्रमोदिनी. वय सत्तावन्न, स्वभाव तापट, राहणार हॅरो, लंडन. गेली चोवीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे लोकांना झोपवायचं आणि झोपेत त्यांचा श्वास चालू ठेवायचा, हे माझं काम. मनीषा त्याच हॉस्पिटलच्या तळघरात काम करते. ऑपरेशनची हत्यारं वापरून झाली की खाली तिच्याकडे जातात. मनीषा ती धुते, भिंगाखाली एकेक चिमटा उघडून-मिटून बघते, निळ्या कागदात घडी घालून बांधते आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात सरकवते. मग ते पुडकं वर आमच्याकडे येतं, आम्ही ते उघडतो आणि बिनधास्त माणसाच्या पोटात हात घालतो. ते कुणी बांधलं हे आजवर आमच्यातल्या एकानेही विचारलेलं नाही. अकरा वर्षं ती खाली आणि मी वर, एकाच इमारतीत, आणि मला तिचा चेहरासुद्धा माहीत नव्हता.

ओळख झाली ती अंबरीशमुळे. अंबरीश आमच्या इथल्या मराठी मंडळातला दातांचा डॉक्टर. पन्नाशी उलटली की माणसं गुडघ्यांची काळजी करतात. याने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, ‘स्कूबा डायव्हिंग शिकू या, पुढच्या ईस्टरला कॅरिबियनमध्ये टोबॅगोला जाऊ या, आठ जण हवेत.’ आठांपैकी सात जण डॉक्टर, नाहीतर डॉक्टरांच्या घरातले. आठवी मनीषा. यादीत तिचं नाव बघून आश्लेषाने, म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या मैत्रिणीने, मला विचारलं, “ही कोण गं?” मी म्हटलं, “कोण जाणे. असेल कुणाची तरी.”

पहिल्या रविवारी आम्ही सगळे स्विमिंग पूलच्या काठावर, काळ्या रबरी सूटमध्ये पोटं आत ओढून उभे होतो. ही कोपऱ्यात एकटीच. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीची, काटक, केसांची घट्ट वेणी. मी गेले आणि आपली पद्धतच आहे तसं विचारलं, “पूर्ण नाव काय गं तुझं?”

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि हसली. “मनीषा हरीश कांबळे. गाव सांगोल्याकडचं. अजून काही विचारायचंय ताई, का उतरू पाण्यात?”

मीही हसले. पण मला राग आला होता. ‘हिला काय वाटलं, मी जात विचारतेय?’ असा राग. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! पूर्ण नाव विचारतो ते कशासाठी विचारतो, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

पाण्यात मात्र तिने आमची सगळ्यांची जिरवली. आम्ही टाकी पाठीला बांधून म्हशींसारखे डुंबत होतो आणि ती तळाशी मांडी घालून बसली होती, हलत नाही, डुलत नाही. आमचा ट्रेनर मिहीर इथेच जन्मलेला पोरगा, तो म्हणाला, “मनीषा आंटी, तुम्ही हवा वापरते का नाय?” पाऊण तासाने सगळ्यांची टाकी संपत आली आणि हिची निम्मीसुद्धा रिकामी झाली नव्हती. नंतर कॉफी पिताना आश्लेषाने विचारलं, पोहायला कुठे शिकलीस? तर म्हणाली, “दगडाच्या खाणीत. वडील क्रशरवर होते. पावसाळ्यानंतर खाणीत पाणी साचायचं, वीस-वीस फूट. गावात विहीर होती की, पायऱ्यांची, चांगली मोठी. पण तिथं आम्हाला कोण उतरू देतंय? आम्ही आपले खाणीत.” हे तिने असं सांगितलं, जसं आपण सांगतो की शाळा लांब होती म्हणून सायकल घेतली. आश्लेषाने “अरेरे” म्हटलं. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बरं झालं बाई, आपण त्यातले नाही.

आता मुद्द्याचं. डायव्हिंगमध्ये दोघा-दोघांची जोडी असते. प्रत्येकाच्या टाकीला श्वास घ्यायची दोन तोंडं असतात. एक आपल्या तोंडात. दुसरं पिवळं, छातीवर लटकत असतं, ते सोबत्यासाठी. त्याची हवा संपली, काही बिघडलं, तर त्याने यायचं, ते पिवळं तोंड ओढून घ्यायचं आणि आपल्या टाकीतली हवा घ्यायची. म्हणून ते नेहमी मोकळं, हाताशी, दिसेल असं ठेवायचं. हा पहिला नियम. बाकीचे सगळे नियम त्याच्यानंतर. आणि याची पूलमध्ये दर आठवड्याला तालीम व्हायची, जोड्या बदलून बदलून. माझा सेट, म्हणजे ही दोन तोंडं, नळ्या आणि किती हवा उरली ते दाखवणारा काटा, माझ्या मालकीचा होता. नवा, निळा, हौसेने घेतलेला.

दुसऱ्या रविवारी माझी जोडी मनीषाशी लागली. तिने हवा संपल्याची खूण केली, म्हणजे तळहात गळ्यावरून आडवा फिरवला, माझं पिवळं तोंड घेतलं, सहा श्वास घेतले, परत दिलं. सगळं बिनचूक. घरी आले, सेट गोड्या पाण्यात बुडवला आणि त्या पिवळ्या रबरी तोंडाकडे बघत उभी राहिले. त्यावर तिच्या दातांचे बारीक ठसे होते. मी गाडी काढली, केमिस्टकडे गेले, बाळांच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायच्या गोळ्या आणल्या आणि ते तोंड अख्खी रात्र त्या पाण्यात ठेवलं. नवऱ्याने, श्रीनिवासने, विचारलं, “हे काय? नातवंड यायचंय की काय?” मी म्हटलं, “हायजीन.” तो म्हणाला, “बरं,” आणि टीव्हीकडे वळला.

हायजीन! अहो, माझ्या डॉक्टरकीची शपथ घेऊन सांगते, त्याआधीच्या रविवारी त्याच तोंडातून आश्लेषाने श्वास घेतला होता. तिला तेव्हा सर्दी होती. मी ते नळाखालीसुद्धा धरलं नव्हतं. हा हिशोब माझ्या डोक्यात त्या वेळी आला नाही असं नाही. आला. मी त्याला बाहेर बसवला.

त्यानंतर मनीषाशी जोडी लागली की प्रत्येक वेळी गोळी. ती नसली तर नुसतं पाणी. सहा महिने. माझ्या घरात जातपात कधीच नव्हती, हे वाक्य मी त्याच सहा महिन्यांत मंडळाच्या एका चर्चेत, माइक हातात घेऊन बोलले आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभसुद्धा जळलेला नव्हता, त्याला मी नुसता इंग्लंडचा रंग दिला होता.

ईस्टरला आम्ही गॅटविकहून निघालो. विमानात ती माझ्या शेजारी होती. दोन वर्षं शनिवारच्या जादा पाळ्यांतून साठवलेले पैसे तिने या सहलीत घातले होते. हरीश, तिचा नवरा, नर्स आहे. तोच म्हणाला होता, ‘तू जा, पोरीकडे, तनिषाकडे, मी बघतो.’ खिडकीतून खाली बघत ती म्हणाली, “ताई, तुम्हाला म्हणून सांगते. मिहीर म्हणतोय, सप्टेंबरपासून बायकांची नवी बॅच काढायची, त्याला मदतनीस म्हणून मला घ्यायचं. शिकवायला! म्हणजे ग्रुपने हो म्हणलं तर. मला शाळेत कधी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं कुणी.” तिचे कान लाल झाले होते बोलताना. मी म्हटलं, “अगं नक्की. मी बोलेन ना तुझ्यासाठी.” आणि मला खरंच तसं वाटत होतं, यातच सगळी गंमत आहे.

टोबॅगोत आम्ही समुद्राजवळ एक घर घेतलं होतं. स्वयंपाक पाळीपाळीने. मनीषाने एका दुपारी ओलं खोबरं वाटून तिथल्याच माशाचं कालवण केलं. मी दोन वेळा भात वाढून घेतला आणि बोटं चाटली. हातचं चालत होतं मला, बरं का. माझ्या आजीने जिथे रेघ मारली होती तिथून मी ती चांगली पुढे सरकवली होती, फक्त पुसली नव्हती. आता ती रेघ बरोबर ओठांपाशी होती.

जोड्या अंबरीशने लावल्या. मला म्हणाला, “प्रमोदिनी, तू घाबरतेस आणि हवा फार खातेस. मनीषा शांत आहे. तू तिच्याबरोबर.” पाच दिवस, तीच जोडी. आणि तिथला गाइड कडक, रोज सकाळी डाइव्ह सुरू होताना उथळ पाण्यात पिवळ्या तोंडाची तालीम करून घ्यायचा. रोज! गोळ्या मी लंडनहून आणल्या होत्या, पण दोन डाइव्हच्या मध्ये तासाभराची सुट्टी, त्यात बोटीवर गोळ्या कुठे भिजवत बसणार? म्हणून मी युक्ती काढली. पहिल्या डाइव्हनंतर पिवळं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, फ्रीजरमध्ये भाजी ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर रबरबँड लावला. तीन वेढे. म्हणजे दुसऱ्या डाइव्हला तालीम नसतेच, तर ते आपलं स्वच्छ राहील. कुणासाठी स्वच्छ, हे मला विचारू नका. मी तर माझ्या तोंडातूनच श्वास घेणार होते. ते पिवळं कधीच माझ्या तोंडात जाणार नव्हतं.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराचा सेट तपासायचा असतो. मनीषाने पिशवी बघितली. “हे काय ताई?”

“वाळू जाते गं आत,” मी म्हटलं.

तिने बोट लावून बघितलं. तिच्या कामात सगळंच गुंडाळलेलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. “झटक्यात निघंल ना?”

“हो, लगेच.”

“बरं,” ती म्हणाली.

तो तिसरा दिवस, दुसरी डाइव्ह. पंधरा मीटर खाली होतो. खाली काय सुंदर होतं वगैरे मी सांगणार नाही, मला ते आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की मनीषा माझ्या उजव्या हाताला होती आणि गाइड आणि बाकीचे जरा पुढे. तिच्या भाड्याच्या सेटवरचा हवेचा काटा अडकला होता. हे नंतर कळलं. मनीषाचा काटा हळू उतरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तो उतरतच नाहीये हे कुणाच्या, तिच्याही, ध्यानात आलं नाही. तिने श्वास घेतला आणि पुढचा आलाच नाही.

ती वळली. डोळे मोठे, पण घाबरलेली नव्हती. तळहात गळ्यावरून आडवा फिरवला, अगदी तालमीत करायची तसा. मग हात पुढे करून माझं पिवळं तोंड धरलं. पिशवीसकट.

तिने ओढलं. पिशवीत पाणी शिरून ती फुगली होती, रबरबँड कुठे गुंतला होता देव जाणे. तिने एक वेढा काढला. नखांनी दुसरा काढायला गेली, तो निसटला. मी बघत होते. माझ्या तोंडातलं काढून तिच्या तोंडात द्यायचं, तिने दोन श्वास घ्यायचे, मी दोन घ्यायचे, आलटून पालटून. हेही शिकवलं होतं आम्हाला. आणि नसतं शिकवलं तरी काय? चोवीस वर्षं दुसरं काय करतेय मी? माझा हात तोंडापर्यंत गेला. तिथे थांबला.

घाबरले म्हणून थांबला, की दुसऱ्या कशाने, हे मला आजही सांगता येत नाही. रोज स्वतःला विचारते. घाबरले असं उत्तर आलं तर मी सुटते, आणि ते उत्तर काही केल्या पूर्ण येत नाही.

तिने माझा हात बघितला, तोंडाशी थांबलेला. तो थांबलेला तिने बघितला, हे मला माहीत आहे. मग तिने पिशवी सोडून दिली आणि वर बघितलं. तेवढ्यात गाइड वळला, दोन झेपांत आला, आपलं पिवळं तोंड तिच्या तोंडात कोंबलं आणि तिला घेऊन सावकाश वर निघाला. मी त्यांच्या मागे. आणि वर जाता जाता, ऐका, मी काय केलं ते. मी ती पिशवी ओरबाडून काढली आणि जॅकेटच्या खिशात कोंबली. तेव्हा माझी बोटं कशी चालली! रबरबँड एका झटक्यात तुटला.

बोटीवर तिला आडवं करून ऑक्सिजन लावला. पाणी छातीत गेलं होतं, खोकल्यातून लालसर फेस येत होता. गाइडने मला विचारलं, तुझा स्पेअर का नाही घेतला तिने? सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, पाच पिढ्यांचे संस्कार असलेली, रॉयल कॉलेजची फेलो, म्हणाले, “शी पॅनिक्ड. तिला सापडलाच नाही.”

मास्कच्या वरून मनीषाचे डोळे उघडे होते. तिने ऐकलं. तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. मास्क होता म्हणून, असं मी मनाला सांगितलं. पण मास्क तासाभराने काढला, नंतर तीन दिवस ती आमच्याबरोबर त्या घरात होती, डॉक्टरने पाण्यात जायला बंदी केली म्हणून आम्ही डाइव्हला गेलो की ती व्हरांड्यात एकटी बसायची, आम्ही परत आलो की सगळ्यांचे सेट धुऊन वाळत घालायची. माझासुद्धा. काटा अडकला होता हे गाइडने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं, सगळे हळहळले, पण “तरी पॅनिक व्हायला नको होतं” हे वाक्य घरात फिरत राहिलं. ते माझं बाळ होतं, मी जन्म दिलेलं, आणि सगळे त्याला कडेवर घेऊन हिंडत होते.

लंडनला परत आल्यावर मी हॉस्पिटलात तळघराकडे जाणारी लिफ्ट टाळायला लागले. निळ्या कागदाचं पुडकं उघडताना मी मान फिरवायचे. श्रीनिवासला सांगावं म्हटलं, तर तो काय म्हणाला असता ते मला आधीच ऐकू येत होतं: “अगं, झालं ते झालं, वाचली ना ती?”

ऑगस्टच्या शेवटी अंबरीशच्या घरी ग्रुपची मीटिंग झाली. मुद्दा एकच, सप्टेंबरच्या बायकांच्या बॅचला मिहीरची मदतनीस कोण. मनीषा ड्यूटीवरून थेट आली होती, दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मिहीरने तिचं नाव घेतलं. अंबरीश घसा खाकरून म्हणाला, “मनीषा, तुझ्या स्किलबद्दल प्रश्नच नाही हं. पण नवशिक्या बायका असणार. टोबॅगोला जे झालं ते बघता… पॅनिक होणारी व्यक्ती… रिस्क आहे ना? तुम्हाला काय वाटतं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिथे मीच होते ना, प्रत्यक्ष साक्षीदार, वर डॉक्टर. मनीषा पर्सच्या चेनशी खेळत होती, उघड, बंद, उघड, बंद.

मी उभी राहिले. म्हटलं, “ती पॅनिक झाली नव्हती. चूक माझी होती. मी पिवळं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं, ते तिला काढता आलं नाही. नंतर मी पिशवी लपवली आणि खोटं बोलले.”

मग अंबरीशने विचारलं, “पिशवीत? का गं?”

सांगायचं होतं. जिभेवर होतं. आणि जिभेवरून काय उतरलं? “वाळू जाऊ नये म्हणून.”

आणि मग अंबरीशने टाळ्या वाजवल्या. “केवढा मोठेपणा लागतो हे सगळ्यांसमोर कबूल करायला!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आश्लेषाने मला मिठी मारली, तिच्या डोळ्यांत पाणी. ईशिताने, ती आमची सेक्रेटरी, ‘मनीषा कांबळे यांची एकमताने निवड’ असं लिहून घेतलं. मनीषाला काम मिळालं आणि मला टाळ्या मिळाल्या. निघताना ती माझ्याजवळून गेली. “थँक यू ताई,” म्हणाली, आणि पुढे हळूच, “वाळू.” एवढंच.

टाळ्या वाजवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. वाळू नव्हती.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी एजवेअरला तिच्या घरी गेले. दुकानावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. ती इस्त्री करत होती, हरीशचे युनिफॉर्म. “या ना ताई,” म्हणाली, खुर्चीवरचे कपडे उचलले. तिची मुलगी तनिषा टेबलावर गणितं करत होती, तिने “हाय आंटी” म्हटलं आणि पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत गेली. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. दातांचे ठसे, गोळ्या, सहा महिने, आश्लेषाची सर्दी, भाजीची पिशवी. रडले नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तिने माझे डोळे पुसायला नकोत म्हणून. ती इस्त्री फिरवत राहिली. कॉलर उलटी केली, दाबली, सुलटी केली.

“मला माहितीये ताई,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“गोळ्यांचं. तिसऱ्या रविवारीच कळलं. रबराला वास राहतो. पूलच्या पाण्याचा वास वेगळा, त्या गोळीचा वेगळा. मी रोज आठ तास असल्याच वासांत असते. आश्लेषाताईंनाही विचारलं मी सहज, प्रमोदिनीताई सेट कशानं धुतात? त्या म्हणाल्या, छे, ती कसली धुतेय, आळशी आहे नुसती.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही म्हणला असता, हायजीन. तुम्ही डॉक्टर. मी काय म्हणणार होते त्याच्यावर?”

“आणि पिशवी? तुला कळलं होतं, तरी माझ्याबरोबर खाली आलीस?”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “आले. म्हणलं, वर काय करायचं ते करू दे. जिवावर बेतलं तर देतील. पंधरा मीटर खाली कोण काय बघतंय? तिथं तरी देतीलच, म्हणलं.” आणि पुढे म्हणाली, “तुमचा हात तोंडापर्यंत आला होता. मला वाटलं, आला.”

माफी मागायचे शब्द घरून जुळवून आणले होते, इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडून ते तोंडावर पडले. तरी मी म्हटलं, “मनीषा, मला माफ कर.” तिने पुढचा शर्ट घेतला.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “मला माहितीच होतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना सांगा.”

“सांगते,” मी म्हटलं.

आतून तनिषा आली. आपल्याकडे पाहुणं आलं की काय करायचं ते तिला शिकवलेलं होतं. “आई, मी चहा ठेवू का आंटीसाठी?”

“नको,” मनीषा म्हणाली.

तनिषा गोंधळली, माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मी घाईघाईने म्हटलं, “अगं, ठेव ना. मी घेईन. मला चालेल.”

“घ्याल हो,” मनीषा म्हणाली. आवाजात राग नव्हता, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा थकवा होता. “दोन कप घ्याल आज. माझ्या कपातला दिला तरी घ्याल. आणि मग घरी जाताना तुम्हाला हलकं वाटंल. म्हणूनच नको म्हणतेय.”

मी बरं म्हटलं, उठले आणि दाराशी बसून बूट घातले.